वर वर वर

"वर वर वर मागतो."

भाचीने वहीत लिहिलं आणि पेन्सिल खाली ठेवली. एकच शब्द सलग तीनदा, तरी व्याकरण शाबूत. पैज माझीच होती.

"मधले शब्द खाल्लेस," मी म्हटलं.

"नाही मामा. नवरदेव, आणखी वर, वरदान मागतो!"

हरलो. मग खोडसाळपणे म्हटलं, आता भूतकाळ कर. 'वराने वर वर मागितला.' लिहिता लिहिता तीच थबकली. "अरे, एक वर पळाला!"

इंग्रजीत 'बफलो' सलग 8 वेळा येऊन वाक्य होतं. शहर, प्राणी, क्रियापद, सगळ्यांचं रूप एकच. आपल्याकडे प्रत्यय लागला की सामान्यरूप आलंच. वर्तमानकाळातला कर्ता मात्र बिनप्रत्ययाचा, त्या फटीतून पोरगी निसटली.

रात्रीपासून चौथा 'वर' शोधतोय. कुणाला सापडतोय का?