बाक जर्मनीत, नेटवर्क स्वित्झर्लंडचं

माइनाउ बेटावरची फुलं, मेअर्सबुर्गचा किल्ला, तळ्यातली बोट, सगळं छान झालं. पण बोडेन्झे तळ्याच्या सहलीतलं डोक्यात राहिलं ते कॉन्स्टान्झमधलं प्रकरण. त्याचा राग अजून गेलेला नाही.

कॉन्स्टान्झ जर्मनीत आणि त्याला खेटून असलेलं क्रॉइझलिंगेन स्वित्झर्लंडमध्ये. मधलं कुंपण काढून तिथे 2007 साली योहान्नेस ड्योरफ्लिंगर यांची 22 शिल्पं उभी केली. सीमा म्हणून एवढंच दिसतं. पोरं सायकलवरून सहज इकडची तिकडे जातात.

तिथून जवळच, जर्मनीच्या बाजूला बाकावर बसून सासूबाई सांगलीला त्यांच्या बहिणीशी व्हिडिओ कॉलवर बोलत होत्या. अचानक कॉल तुटला. फोन हातात घेऊन बघते तर वर स्विस कंपनीचं नाव, आणि खाली मेसेज: 50 युरोची मर्यादा संपली, डेटा बंद. त्याआधी 80 टक्क्यांचा इशाराही आला होता, पण जर्मनमध्ये. सासूबाईंना तो काय कळणार? "अगं, मी तर इथून हललेसुद्धा नाही," असं त्या पुन्हा पुन्हा सांगत होत्या. त्यांचा उतरलेला चेहरा मला बघवेना.

युरोपियन युनियनमध्ये 15 जून 2017 पासून रोमिंगचे जादा पैसे लागत नाहीत आणि ही सोय 2032 पर्यंत वाढवली आहे. नॉर्वे, आइसलँड, लिश्टेनश्टाइन त्यात आहेत, 2026 पासून युक्रेन आणि मोल्दोव्हाही आले. स्वित्झर्लंड नाही. काही कंपन्या आपणहून तो देश पॅकमध्ये धरतात, पण तशी सक्ती नाही. सीमेजवळ फोन नकळत पलीकडचं नेटवर्क पकडतो, त्यापासून ग्राहकाला वाचवण्यासाठी कंपनीने उपाय करावेत, असं नियम सांगतो. आमच्या जर्मन मोबाइल कंपनीचं उत्तर मात्र एकच: रोमिंग बंद ठेवायचं होतं. जर्मनीतच बाकावर बसलेल्या बाईने? हे मला मुळीच पटत नाही. तिकडे जाणार असाल तर नेटवर्क हाताने निवडून ठेवा, असं मी आता सगळ्यांना सांगते, पण हे काम खरं तर कंपनीचं.

पार्सलचीही तीच तऱ्हा. स्टेशनजवळच्या दुकानात स्विस लोक जर्मन पत्त्यावर मागवलेली खोकी घ्यायला आले होते. एका आजींनी तिथेच खोकं फोडलं, बूट घालून पाहिले, पुठ्ठा टाकून दिला. जर्मन व्हॅट परत मिळावा म्हणून कस्टमच्या खिडकीवर हिरव्या पावत्यांची रांग. 2025 पासून माणशी 150 फ्रँकच्या वर माल नेला की स्विस व्हॅट भरावा लागतो. आधी ही सूट 300 ची होती. त्या आजी निदान आकडेमोड करून, ठरवून सीमा ओलांडतात. सासूबाईंनी ती ओलांडलीच नव्हती.

कंपनीला लेखी तक्रार दिली आहे. पैसे परत आले नाहीत तर बुंडेसनेट्झआगेंटूरकडे, म्हणजे दूरसंचाराच्या सरकारी नियामकाकडे, तंटा नेणार. सासूबाई म्हणतात, जाऊ दे. मी जाऊ देणार नाही.