पडून असलेल्या माणसाला पेज पुरत नाही

खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून आई कोथरूडला माझ्याकडे आहे. भेटायला येणारा प्रत्येक जण सांगतो, "पडूनच तर आहेत, हलकं द्या. पेज, मऊ भात, बास." आईलाही ते पटतं. "मी काय आता पर्वती चढायला निघालेय? कशाला एवढं खायचं?" मी जीवरसायनशास्त्र शिकवते आणि हा सल्ला मला अजिबात मान्य नाही. पडून असलेल्यालाही प्रथिनं रोज हवीत.

पर्वतीचंच घेऊ. पायरी चढताना स्नायूला ऊर्जा मिळते ती एटीपीच्या रेणूतून. जोर लावला तर दोन-तीन सेकंदांत संपेल, एवढाच तो स्नायूत असतो. म्हणून तो सतत नव्याने तयार होत राहतो. त्यासाठी सगळ्यात आधी धावून येतं फॉस्फोक्रिएटिन, तेही दहा-एक सेकंदांपुरतं. (१९२७ साली हार्वर्डमध्ये सायरस फिस्क यांच्याबरोबर ते शोधणारे आपले येल्लाप्रगडा सुब्बाराव. वर्गात हे नाव मी दरवर्षी आवर्जून घेते.) त्यानंतरचा साठा ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवून ठेवलेल्या साखरेचा, यकृतात सुमारे १०० ग्रॅम आणि स्नायूंत ४०० च्या आसपास. आणि मग चरबी, ती तर किलोंनी.

प्रथिनांचा असा साठा कुठेच नाही. शरीरातलं जवळजवळ प्रत्येक प्रथिन कुठल्या तरी कामाला जुंपलेलं असतं: स्नायूचे तंतू, हिमोग्लोबिन, विकरं, प्रतिपिंडं. गरजेपेक्षा जास्त खाल्लं तर अमिनो आम्लांमधला, म्हणजे प्रथिनं ज्यांची बनतात त्या घटकांमधला, नायट्रोजन वेगळा होतो, यकृत त्याचा युरिया करतं आणि तो लघवीवाटे जातो. उरलेल्या भागाची साखर किंवा चरबी होते. रविवारी भरपूर पनीर खाल्लं म्हणून ते बुधवारी कामाला येत नाही.

शरीर मात्र रोज २५० ते ३०० ग्रॅम प्रथिनं मोडतं आणि पुन्हा बांधतं. बरीच अमिनो आम्लं परत वापरली जातात, पण थोडी रोज खर्ची पडतात. जखम भरायची असेल तर मागणी आणखी वाढते. ताटातून आलं नाही, तर स्नायू मोडून ती भागवली जाते. चूल पेटती ठेवायला घराचेच वासे काढण्यासारखं आहे हे.

घरी येणारी फिजिओथेरपिस्ट ताई आईच्या गुडघ्याच्या वर बोटं मोजून बॉलपेनने खूण करते आणि तिथे टेप गुंडाळते. ऑपरेशनच्या बाजूची मांडी दुसरीपेक्षा बारीक भरते, हाताला सैल लागते. आईने विचारलं, "कुठे गं गेलं सगळं?" मी तिला खरं ते सांगितलं: थोडं टाक्यांची जखम भरायला, थोडं साखर करायला, आणि पाय हलतच नाही म्हटल्यावर नवं बांधकाम मंदावलं.

निरोगी प्रौढासाठी आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) शिफारस किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनांची आहे. वय झालेल्यांना १ ते १.२ ग्रॅम हवीत, असं बरेच तज्ज्ञ सांगतात, कारण म्हातारपणी तेवढ्याच घासातून स्नायू कमी बांधला जातो. वाटीभर पातळ पेजेतून दोन ग्रॅमही मिळणं कठीण. भातात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असतं, ते डाळीत मिळतं. म्हणून वरण हवं, पण चमचा उभा राहील असं घट्ट. आई अंडं खात नाही. सकाळी मुगाचं धिरडं, आत किसलेलं पनीर. दुपारी घट्ट वरण आणि वाटीभर दही. चार वाजता चहा-खारीऐवजी दाण्याची चटणी लावलेली छोटी भाकरी आणि कपभर दूध. रात्री पुन्हा डाळ. सगळं एकाच जेवणात कोंबत नाही, चारही वेळांना विभागते. मेतकूट तिला प्रिय आहे, पण चमचाभर मेतकुटाने काय होणार?

आणि जेवण झालं की तासाभराने पलंगावरच गुडघा सरळ ताणायचा व्यायाम. ताण पडल्याशिवाय नुसत्या खाण्याने स्नायू भरत नाही. मूत्रपिंडाचा विकार असेल तर मात्र प्रथिनं वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा. आईचं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) बघूनच आम्ही हे सुरू केलं.