दोन रकान्यांची कादंबरी

सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीतील एका टॉवेल कारखान्यात मी गेली एकवीस वर्षे हिशेब लिहितो. रोजकीर्द आणि खतावणी यांच्या पलीकडे आपण काही लिहू असे मला कधी वाटले नव्हते. विज्ञानकथा वाचनालयातून आणून रात्री गच्चीवर वाचत पडण्याची सवय मात्र शाळेपासूनची. कादंबरीला निमित्त झाले एका बातमीचे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी समजून जमावाने पाच भिक्षेकऱ्यांना ठेचून मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे होते आणि त्यांतले बहुतेक आमच्याच जिल्ह्यातील मंगळवेढा तालुक्याचे होते. "ही माणसं नव्हेत, जनावरं आहेत," असे दुसऱ्या दिवशी कारखान्यात जो तो म्हणत होता, मीही म्हणालो. घरी परतताना मनात आले, की असे करणारे जनावर नेमके कोणते? जमा आणि नावे जुळवण्यात उमर गेलेल्या माणसाला तो प्रश्न हिशेबाचा वाटला. मी दोनशे पानी वही आणली, प्रत्येक पानावर मधोमध रेघ मारली आणि डावीकडे 'प्राणी', उजवीकडे 'माणूस' असे मथळे लिहिले.

लांडगा किंवा वाघ घेतला असता तर त्याची बाजू घेणारे पुष्कळ निघाले असते. मला असा प्राणी हवा होता, ज्याची बाजू घ्यायला कोणी उरलेलेच नाही. राजासॉरस हा डायनासोर मिळाला तो असा. गुजरातेतील राहिओली येथे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाने १९८२ ते १९८४ या काळात त्याची हाडे उकरली आणि २००३ मध्ये त्याचे नामकरण झाले. डोक्यावर एकच ठेंगणे शिंग असलेला, दोन पायांवर चालणारा हा मांसाहारी प्राणी साडेसहा मीटरांच्या आसपास लांब होता. आपल्या देशातला, नावातही राजा; विज्ञानकथेला याहून चांगला नायक शोधूनही सापडला नसता.

अडचण होती ती सोलापूरची. आमच्या पायाखाली सगळा काळा पाषाण, म्हणजे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या सुमारास थरावर थर साचत गेलेला लाव्हा. अशा खडकात हाडे सापडत नाहीत. पण दोन उद्रेकांच्या मधल्या शांत काळात तळी साचत, गाळ बसत असे आणि त्यावर पुन्हा लाव्हा पसरे. असे गाळाचे थर दख्खनच्या खडकांत ठिकठिकाणी आढळतात. कथानकाला एवढी फट पुरेशी होती. बंद पडलेल्या एका गिरणीच्या आवारात पाण्यासाठी बोअर घेतली जाते, ती अशाच एका थरात घुसते, तिथे काळाची भेग उघडते आणि भर मे महिन्यात एक राजासॉरस चिमणीच्या सावलीत येऊन उभा राहतो. शेळ्या नाहीशा होऊ लागतात. गाव मात्र गावाबाहेर पाले ठोकून राहिलेल्या भटक्यांवर संशय घेते आणि एका रात्री पालांवर चालून जाते. जनावर तेव्हा गिरणीत झोपलेले असते. या विरोधावर मी फार खूश होतो.

पहिला खर्डा चौदा महिन्यांत झाला. तो पुण्यातील एका प्रकाशनसंस्थेकडे पाठवला आणि आठ महिन्यांनी तो परत आला. सोबत चार ओळींची चिठ्ठी होती: प्राण्याची प्रकरणे वाचनीय आहेत, माणसांची प्रकरणे भाषणे वाटतात. मला राग आला, आणि रागाच्या भरात दिवाळीपर्यंत मी त्या बाडाला हात लावला नाही. मग एके दिवशी वहीच उघडून बसलो, तेव्हा चिठ्ठी लिहिणाऱ्याचे म्हणणे पटू लागले. माझा उजवा रकाना गच्च भरला होता. त्यात १९३० सालचा सोलापूरचा मार्शल लॉ होता आणि १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिलेले आमचे चार हुतात्मेही होते. डाव्या रकान्यात जेमतेम दीड पान मजकूर होता, कारण जनावराचा गुन्हा वाटेल असे काही लिहायचे मी टाळत आलो होतो. मादागास्करमधील माजुंगासॉरस हा राजासॉरसचा भाऊबंदच म्हणायचा. त्याच्या जातीच्या हाडांवर त्याच्याच जातीच्या दातांचे ओरखडे सापडल्याचे २००३ मध्येच प्रसिद्ध झाले होते. स्वजातीला खाणारा प्राणी माझ्या प्रतिपादनाच्या आड येत होता, म्हणून मी त्याची नोंदच घेतली नव्हती. कारखान्यात कोणी असा हिशेब दाखवला असता तर मी त्याला खोटी खतावणी म्हटले असते.

ती चूक दुरुस्त करण्याच्या नादात मी प्राण्यांवरचे आरोप शोधू लागलो आणि ओव्हिरॅप्टरपाशी येऊन थांबलो. मंगोलियाच्या गोबी वाळवंटात १९२३ मध्ये हा प्राणी अंड्यांच्या घरट्यावर मरून पडलेला सापडला. अंडी दुसऱ्याच जातीच्या डायनासोरची आहेत असे समजून १९२४ मध्ये हेन्री ऑस्बॉर्न यांनी त्याचे नाव ठेवले 'अंडी पळवणारा'. हे नाव प्राण्याच्या स्वभावाबद्दल दिशाभूल करणारे ठरू शकेल, अशी शंका त्यांनी स्वतःच लिहून ठेवली, पण नाव ठेवलेच. पुढे १९९३ मध्ये तशाच अंड्यात त्याच्याच कुळातील पिल्लाचा गर्भ मिळाला, आणि त्याचे जवळचे नातलग घरट्यावर पंखासारखे हात पसरून बसलेल्या अवस्थेत सापडले. सत्तर वर्षे ज्याला चोर म्हटले, तो बहुधा स्वतःचीच अंडी उबवत बसला होता. नाव मात्र बदलता येत नाही. प्राण्यांच्या नामकरणात आधी ठेवलेल्या नावाचा मान पहिला असतो.

हे वाचले त्या रात्री मला झोप आली नाही. राईनपाड्याच्या त्या पाच जणांवरचा आरोपही मुले पळवण्याचाच होता.

सोलापूरकराला इथून पुढचे पाऊल सुचायला वेळ लागत नाही, कारण आमच्या गावात सेटलमेंट होती. इंग्रजांच्या १८७१ पासूनच्या कायद्यांनी काही जमातींना जन्मापासूनच गुन्हेगार ठरवले. त्यांतल्या कुटुंबांना इथे तारेच्या कुंपणात ठेवले, हजेरी लावली आणि गिरण्यांत कामाला जुंपले. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी ती सुटली आणि विमुक्त म्हणवली जाऊ लागली. त्या भागात राहणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांकडे मला कारखान्यातल्या एका जॉबरने नेले. काका बाजेवर बसून अडकित्त्याने सुपारी कातरत होते. मी कादंबरीबद्दल सांगू लागलो, तेव्हा त्यांनी राजासॉरसकडे काडीचेही लक्ष दिले नाही. ओव्हिरॅप्टरची हकिगत ऐकताना मात्र त्यांचा हात थांबला.

"मग आता त्याचं नाव बदललं का?" त्यांनी विचारले.

"नाही काका. तसा नियम नाही."

"आमचं बदललं की," ते म्हणाले आणि पुन्हा सुपारी कातरू लागले. थोड्या वेळाने खांडे माझ्या हातावर ठेवत म्हणाले, "पर भाऊ, गावात कुठं चोरी झाली की पोलिसाची गाडी अजून आधी हितंच येती."

मी घरी येऊन वहीतली मधली रेघ खोडली. रेघ खोडल्यावर खर्ड्यात काय काय बदलावे लागते याची मला कल्पना नव्हती. जिथे जिथे 'नरपशू', 'सैतान', 'हिंस्र श्वापदासारखा' असे शब्द होते ते सगळे काढले. त्यांची संख्या लाज वाटावी एवढी निघाली. पालांवर चालून जाणाऱ्या जमावातील माणसांना मी नावे दिली, घरे दिली, एकाच्या खिशात लेकीसाठी घेतलेली शेंगदाण्याची चिक्की ठेवली, आणि तसे केल्यावर ते प्रकरण मला स्वतःलाच वाचवेना. आधी जो जमाव होता त्याची मला भीती वाटत नव्हती. या माणसांची वाटू लागली. राजासॉरसलाही मी भले ठरवणे सोडून दिले. तो भुकेला असतो, गिरणीच्या चौकीदाराला मारतो आणि तहानेने मरतो. कादंबरीचा निवेदक आता पंचनामा लिहिणारा एक कारकून आहे, आणि मेलेल्या जनावराच्या रकान्यात काय लिहायचे यावर त्याचे शेवटचे प्रकरण अडते.

असे आणखी तीन खर्डे झाले. दुसऱ्या प्रकाशकाचा शोध न घेता मी स्वखर्चाने तीनशे प्रती काढल्या. छपाईबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही, एवढेच की जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये आणताना सगळे रफार पुढच्या अक्षरावर जाऊन बसले आणि अक्षरजुळणी करणाऱ्या तेलुगू मित्रासोबत मी अकरा रात्री ते उतरवून घेतले. त्या अकरा रात्रींत त्याने कादंबरी दोनदा वाचली आणि चौकीदाराच्या तोंडी असलेली माझी तेलुगू वाक्ये हसत हसत बदलून दिली.

पहिली प्रत घेऊन मी काकांकडे गेलो. त्यांना आता बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून नातीने कुंपणाचे प्रकरण मोठ्याने वाचले. ते डोळे मिटून ऐकत होते. मध्येच त्यांनी हात वर करून तिला थांबवले आणि मला म्हणाले, "रातच्या हजेरीला कंदील घेऊन शिपाई आमच्याकडं यायचा असं लिवलंय तुम्ही. तसं नव्हतं, भाऊ. माझा बाप सांगायचा, तो एका जागी बसायचा आन् आमची माणसं उठून त्याच्याकडं जायची. थंडीतबी."

मी खिशातून पेन काढून समासात ते लिहून घेतले, आणि पुढचे वाच असे नातीला खुणेने सांगितले.