पडद्यामागच्या कामगारांसाठी मदतनिधीचा खेळ उभा करताना

मराठी चित्रपटाचा खेळ लावून पडद्यामागच्या कामगारांसाठी मदतनिधी उभारायचा म्हटलं की बैठकीत पहिला प्रश्न येतो, ‘पाहुणे कोण आणायचे?’ आमच्या मते पहिला प्रश्न वेगळा आहे : पैसे कोणाच्या खात्यात जाणार आणि तिथून कशासाठी निघणार? याचं उत्तर एका वाक्यात लिहिता येत नसेल, तर हॉलची तारीख घेऊ नये. ‘मराठी चित्रपटसृष्टीच्या मदतीसाठी’ एवढ्यावर कोणी मोठी रक्कम देत नाही, आणि का द्यावी? ‘कोल्हापूर परिसरात चित्रीकरणावर काम केलेल्या लाइटमन, स्पॉटबॉय, मेकअपमन आणि ड्रेसमन यांचा दवाखान्याचा खर्च आणि त्यांच्या मुलांची फी’ असं नेमकं सांगितलं की समोरचा माणूस खुर्चीत सरसावून बसतो.

कोल्हापूरचं उदाहरण मुद्दाम घेतलंय. बाबुराव पेंटरांची महाराष्ट्र फिल्म कंपनी इथली, १९२९ साली प्रभात इथेच सुरू झाली आणि १९३३ मध्ये पुण्याला गेली, भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ इथला, अखिल भारतीय मराठी चित्रपट महामंडळाचं मुख्य कार्यालयही इथलंच. दिग्दर्शकांची आणि नटांची नावं लोकांना पाठ असतात. लाइट खांद्यावरून वाहणाऱ्यांची नसतात. त्यांचं काम शिफ्टवर चालतं. शिफ्ट नाही तर पैसे नाहीत, आणि आजारपण आलं की दोन्ही बाजूंनी मार बसतो.

आता खात्याबद्दल. देणगी व्यक्तीच्या खात्यावर घेऊ नये, कितीही विश्वासू माणूस असला तरी. क्यूआर कोडसुद्धा संस्थेच्या चालू खात्याचाच हवा. स्वतःचा नोंदणीकृत न्यास नसेल तर दोन रस्ते आहेत. धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाकडून महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१क खाली तात्पुरती परवानगी घ्यायची, जशी गणेशोत्सव मंडळं वर्गणीसाठी घेतात. नाहीतर वैद्यकीय आणि शैक्षणिक मदत ज्याच्या उद्देशांत लिहिलेली आहे अशा जुन्या न्यासाबरोबर कार्यक्रम करायचा. आम्ही दुसरा रस्ता सुचवू, कारण ८०जी ची, म्हणजे देणगीदाराला आयकरात सवलत मिळवून देणारी, नोंदणी न्यासाकडेच असते आणि पंचवीस-पन्नास हजार देणारा माणूस ती हमखास विचारतो.

८०जी बाबत दोन गोष्टी पावतीपुस्तक हातात देण्याआधीच स्वयंसेवकांना पढवून ठेवाव्यात. २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख देणगीला सवलत मिळत नाही. आणि तिकीट म्हणजे देणगी नव्हे, त्या पैशांच्या बदल्यात प्रेक्षकाला खेळ बघायला मिळतो. म्हणून ‘५,००० चं डोनर पास’ विकून त्या सगळ्या रकमेची ८०जी पावती देणं चूक आहे. तिकीट ३०० चं असेल तर ३०० चं तिकीट फाडायचं आणि उरलेल्याची देणगी पावती वेगळी. त्यावर देणगीदाराचा पॅन आणि पत्ता त्याच वेळी लिहून घ्यायचा. मे महिन्यात देणगीदारांची यादी ऑनलाइन भरताना पॅन शोधत बसण्याची वेळ येते ती इथल्याच आळसामुळे.

सगळ्यात जास्त गैरसमज तिकिटांच्या पैशाबद्दल असतो. हिशोब मांडून बघू. समजा २५० खुर्च्यांचा पडदा, म्हणजे थिएटरमधलं एक सभागृह, आहे. २५ जागा निर्माता, कलाकार, प्रायोजक यांच्यासाठी ठेवल्या. राहिल्या २२५, त्यांपैकी १८० विकल्या गेल्या. तिकीट ३०० रुपये, विक्री थिएटरच्याच यंत्रणेतून. १०० रुपयांवरच्या सिनेमाच्या तिकिटाला १८ टक्के जीएसटी आहे, म्हणजे तीनशेतले २५४ रुपयेच हाती येतात. १८० तिकिटांचे झाले सुमारे ४५,७००. पडद्याचं भाडं ३५,००० आणि फलक, छपाई, चहापाणी ८,००० धरलं तर शिल्लक पावणेतीन हजारांच्या आसपास. हाऊसफुल्लची पाटी लागली तरी चित्र फारसं बदलत नाही. तिकिटांनी खर्च भागवावा, निधी दुसरीकडून यावा, असं धरूनच सगळं आखावं लागतं.

ही दुसरी जागा म्हणजे स्मरणिका. आजकाल तिला जुनाट समजतात, पण तालुका-जिल्ह्याच्या गावात अजूनही सगळ्यात भरवशाचं साधन तेच आहे. ३२ पानांची स्मरणिका धरा. मागचं मुखपृष्ठ २५,०००, पूर्ण पानाच्या १२ जाहिराती ५,००० प्रमाणे ६०,०००, अर्ध्या पानाच्या १६ जाहिराती ३,००० प्रमाणे ४८,०००. एकूण १,३३,०००. छपाईचे ३०,००० वजा केले तरी लाखावर रक्कम राहते. उरलेल्या पानांत जुन्या तंत्रज्ञांच्या कामाची माहिती, छायाचित्रं, निधीचे नियम छापावेत. नुसत्या जाहिरातींची स्मरणिका कोणी घरी नेत नाही, आणि असा पसारा दिसला की पुढच्या वर्षी जाहिरातदारही हात आखडता घेतो.

जाहिरातीचे पैसे आणि मजकूर दोन्ही हातात आल्याशिवाय पान छापखान्यात पाठवायचं नाही. ‘छापा, मग देतो’ म्हणणाऱ्याच्या मागे नंतर सहा महिने फिरावं लागतं. कामाला किमान आठ आठवडे द्या : पहिले पाच जाहिराती गोळा करायला, एक मजकूर लावायला आणि मुद्रितं तपासायला, दोन छपाई-बांधणीला. मोठ्या कंपनीची रक्कम टीडीएस कापून येऊ शकते, ती कपात अंदाजपत्रकात आधीच धरावी.

कंपनीकडे सीएसआर (सामाजिक कामांसाठी कंपनीने करायचा खर्च) मागायला जाणार असाल तर एक विसंगती लक्षात ठेवा. कंपनीला प्रसिद्धी मिळावी म्हणून घेतलेलं प्रायोजकत्व सीएसआर खर्चात धरता येत नाही. ‘तुमचा बॅनर मुख्य प्रवेशद्वारावर लावू’ हे आमिष दाखवलं की ती रक्कम कंपनीच्या जाहिरात खात्यात जाते, आणि तिथलं बजेट बहुधा लहान असतं. सीएसआर हवा असेल तर न्यासाची सीएसआर-१ नोंदणी (असा निधी घेण्यासाठी लागणारी) हवी, आणि मागणी कार्यक्रमासाठी न करता त्यामागच्या वैद्यकीय मदत योजनेसाठी करायची.

परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांतून मदत मिळेल ही आशा रास्त आहे, लंडन-न्यू जर्सीतल्या माणसांना मराठी सिनेमाची ओढ आहेच. पण न्यासाकडे एफसीआरए नोंदणी (परदेशी देणग्या घेण्यासाठीची) आणि दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतलं ठरलेलं खातं नसेल तर त्या मंडळाकडून एक डॉलरही घेता येत नाही. भारतीय पासपोर्ट असलेला अनिवासी माणूस स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देऊ शकतो. ओसीआय कार्डधारकाची, म्हणजे परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या माणसाची, देणगी मात्र परकीय योगदानच मानली जाते. म्हणून देणगीच्या ऑनलाइन अर्जात ‘नागरिकत्व’ हा रकाना ठेवा. त्याशिवाय लेखापरीक्षकाला हे वेगळं काढता येत नाही.

चित्रपट निवडताना आपल्याला आवडलेल्या सिनेमाआधी ज्याचे हक्क स्वच्छ आहेत असा सिनेमा शोधावा. डीव्हीडी घरात आहे, ओटीटीचं सबस्क्रिप्शन आहे, म्हणून सार्वजनिक खेळ लावता येत नाही. निर्मात्याचं लेखी ना हरकत पत्र लागतं, आणि त्याने प्रदर्शनाचे हक्क वितरकाला किंवा वाहिनीला विकले असतील तर त्यांचंही. पत्रात तारीख, जागा, खेळांची संख्या आणि ‘तिकीट लावून’ हे शब्द हवेत. सेन्सॉरचं प्रमाणपत्र नसलेला नवा सिनेमा ‘आपलाच कार्यक्रम आहे’ म्हणून दाखवू नका. चित्रपटाऐवजी जुन्या गाण्यांचा वाद्यवृंद ठेवणाऱ्यांसाठीही हेच. कार्यक्रम मदतीसाठी आहे म्हणून गाण्यांचा परवाना लागत नाही, ही समजूत चुकीची आहे. आयपीआरएसकडे (गीतकार-संगीतकारांच्या हक्कांचे परवाने देणारी संस्था) अर्ज वेळेत करावा. वाद्यवृंदाला ५०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी नाही, हा मात्र खरा फायदा आहे. सिनेमाच्या खेळाला ती सूट नाही.

तांत्रिक घोटाळे बहुतेक केडीएमपाशी होतात. थिएटरमध्ये सिनेमा डीसीपी (डिजिटल फाइलींचा संच) स्वरूपात येतो आणि तो कुलूपबंद असतो. त्याची किल्ली म्हणजे केडीएम फाइल. ती एका विशिष्ट सर्व्हरपुरती आणि ठरावीक वेळेपुरतीच चालते. खेळ पडदा दोनवर ठरलेला असतो, आयत्या वेळी व्यवस्थापक पडदा तीन देतो, आणि किल्ली दोनचीच असते. किंवा थिएटरने मधल्या काळात सर्व्हर बदललेला असतो आणि वितरकाकडे जुनाच क्रमांक असतो. किंवा किल्लीची वेळ खेळाच्या दिवशी संध्याकाळी सहाला सुरू होते, त्यामुळे आदल्या रात्री चाचणी घेता येत नाही. यावर उपाय सोपे आहेत. सर्व्हरचा क्रमांक थिएटरच्या ऑपरेटरकडून लेखी घ्या, किल्ली आदल्या दिवशी सकाळपासून मागा, शक्य असेल तर दोन पडद्यांच्या किल्ल्या मागा. आदल्या रात्री शेवटचा शो सुटल्यावर सुरुवातीची पाच मिनिटं, मध्यंतराची जागा आणि शेवटचं रीळ चालवून बघा. या तपासणीला जो कोणी जाईल त्याने पडद्याकडे पाहण्याइतकंच आवाजाकडेही लक्ष द्यावं.

नाट्यगृहात खेळ लावणं स्वस्त वाटतं, पण तिथे प्रोजेक्टर, पडदा आणि ध्वनी बाहेरून आणावा लागतो, शिवाय चित्रपट दाखवायला त्या जागेच्या परवान्यात मुभा आहे का हे आधी विचारावं लागतं. २० फूट रुंद पडद्याला पूर्ण अंधारात किमान ५,००० ते ६,००० ल्युमेनचा (ल्युमेन म्हणजे प्रकाशाचं माप) प्रोजेक्टर लागतो. लग्नाच्या हॉलमधला चालत नाही. लॅपटॉपवरून ५.१ (सहा चॅनलच्या) ध्वनीची फाइल दोन स्पीकरवर नीट मिसळून न घेता सोडली, तर मधल्या चॅनलमधले संवाद गायब होतात. पार्श्वसंगीत दणक्यात ऐकू येतं आणि पात्रांचे फक्त ओठ हलतात. निर्मात्याकडे स्टिरिओ ध्वनीची वेगळी फाइल मागितली की हा प्रश्न मिटतो.

तारखेचं थोडक्यात : कोल्हापुरात जुलै-ऑगस्ट नको, पंचगंगेचं पाणी वाढलं की सगळंच थांबतं. परीक्षांचे आणि गणपतीचे दिवस टाळावेत. शुक्रवारी नवे सिनेमे लागतात, त्यामुळे मल्टिप्लेक्स पडदा देत नाही. सोमवार ते गुरुवार भाडं उतरवून मिळू शकतं. जानेवारी ते मध्य फेब्रुवारी उत्तम, कारण कर वाचवण्याचा विचार तेव्हा देणगीदाराच्या डोक्यात असतोच.

पडदा साडेतीन तासांसाठी मागा. पावणेसातला सुरुवात, बारा मिनिटांत सगळी भाषणं. सत्कार, शाल-श्रीफळ, दीपप्रज्वलन यांत पाऊण तास गेला की ऑपरेटर सिनेमाचं मध्यंतर गाळतो, आणि देणगीचे टेबल तर मध्यंतरातच चालतात. निधीचं आवाहन सिनेमा संपल्यावर करू नये, लोक चपला शोधत असतात. मध्यंतरानंतर सगळे बसले की दिवे घालवायच्या आधी पाच मिनिटं, एकाच माणसाने, निधीचे नियम आणि आतापर्यंतचा आकडा सांगावा. तो माणूस प्रसिद्ध नट असण्यापेक्षा तीस वर्षं लाइट लावलेला कामगार असेल तर अधिक बरं. त्याने स्वतःसाठी मागायचं नाही, कामाबद्दल बोलायचं. रोख रक्कम दोघांनी मिळून मोजायची, पावतीपुस्तकाचे अनुक्रमांक लिहायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बँकेत भरायची. त्यातून मंडपवाल्याला परस्पर द्यायचे नाहीत.

ज्यांना मदत द्यायची त्यांना मंचावर बोलावून मोठ्या छापील धनादेशासह फोटो काढणं आम्हाला मुळीच मान्य नाही. आयुष्यभर ज्यांनी दुसऱ्यांवर उजेड पाडला त्यांना गरज पडली म्हणून असं उभं करणं क्रूर आहे. अर्ज, ओळखपत्र किंवा कामाचे जुने कॉलशीट (चित्रीकरणाच्या दिवसाचा कामाचा कागद), दवाखान्याचं बिल किंवा कॉलेजचं शुल्कपत्रक, एवढी कागदपत्रं पुरेशी आहेत. निवड समिती तीन किंवा पाच जणांची असावी, त्यात एक डॉक्टर आणि एक लेखापाल, आणि अर्जदाराच्या नात्यातला सदस्य त्या अर्जापुरता बाहेर. रक्कम शक्यतो थेट रुग्णालयाच्या किंवा कॉलेजच्या खात्यात भरावी. अगदी निकडीसाठी निधीचा चौथा हिस्सा बाजूला ठेवावा, कारण अर्ज मागवल्यानंतर पंधरा दिवसांनीच कोणाची तरी शस्त्रक्रिया निघते.

कार्यक्रमानंतर पंधरा दिवसांत जमाखर्च प्रसिद्ध करावा : तिकिटं, जाहिराती, देणग्या, प्रत्येक खर्च, शिल्लक. वाटपाचा तक्ता सहा महिन्यांनी, नावं न देता फक्त अर्जांची संख्या, कारण आणि रक्कम. न विकलेली तिकिटं आणि पावत्यांची अर्धुकं लेखापरीक्षण होईपर्यंत फेकू नयेत. ३१ मेपर्यंत १०बीडी (देणगीदारांच्या यादीचा ऑनलाइन फॉर्म) भरून प्रत्येक देणगीदाराला देणगीचं १०बीई प्रमाणपत्र पाठवावं, आणि त्याच पाकिटात वाटपाचा तोपर्यंतचा तक्ता घालावा.