'या', 'तू' आणि 'तुम्ही'

मी फिल्म क्लबसाठी मराठी सबटायटल करतो, म्हणजे नुसतं भाषांतर नाही, शो चालू असताना लॅपटॉपवरून एकेक ओळ संवादाबरोबर हाताने सोडायची पण असते. त्या दिवशी कोएन बंधूंचा १९९६ चा 'फार्गो' होता.

आधी 'या'वर अडलो होतो. सिनेमातली माणसं अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातली, बरीचशी नॉर्वे-स्वीडनहून आलेल्यांची पोरं-नातवंडं, उठता-बसता 'या' म्हणतात, म्हणजे 'हो', आणि मराठीत तसंच लिहिलं तर वाचणाऱ्याला वाटणार कोणाला तरी घरात बोलावतायत. मग 'होऽ ना', 'होऽ तर' असं सूर लांबवून लिहिलं. पण खरी पंचाईत इंग्रजी 'यू'ची. फ्रान्सिस मॅकडॉर्मंडची मार्ज, सात महिन्यांची गरोदर पोलीस चीफ, सगळ्यांशी इतकी गोड बोलते की नवरा सोडून सगळ्यांना मी सरसकट 'तुम्ही' लावून टाकलं होतं.

दुपारी ट्रायल बघायला क्लबच्या एक मॅडम आल्या, रिटायर्ड फौजदार. शेवटी मार्ज गाडी चालवतेय, जाळीमागे तो खुनी बसलाय, तिथे त्यांनी मला थांबवलं. "अरे, साथीदाराला लाकडाचे तुकडे करायच्या मशीनमध्ये घालत होता तो, हिने पायात गोळी घालून धरलाय, आणि त्याला तुम्ही?"

मी म्हटलं, मग दरडावू का?

"नाही रे, रागावलीच नाहीये ती. तिला कळत नाहीये, थोड्याशा पैशासाठी एवढं का. आम्ही पण गाडीत असंच विचारायचो, घरच्या पोराला विचारतात तसं. बहुतेक जण खिडकीबाहेर बघत बसायचे."

शोला दोन तास होते. त्या सीनच्या सगळ्या ओळी बदलल्या, 'तू' केलं आणि एका ठिकाणी नुसतं 'का रे?' ठेवलं.

संध्याकाळी मशीनमधून वर आलेला तो मोजा घातलेला पाय दिसला तेव्हा हॉल हसला, मोठ्याने हसला, मला वाटलं गेला आता पुढचा सीन. पण गाडी सुरू झाली, मार्ज मेलेल्यांची मोजदाद करायला लागली आणि हसू आपोआप विरत गेलं. 'का रे?' सोडताना माझं बोट थरथरत होतं. ती म्हणते, दिवस किती छान आहे, आणि बाहेर आभाळ न् जमीन सगळं एकच पांढरं. मागच्या रांगेतून मॅडमचा फक्त एक "हं" ऐकू आला.