कोरी नसलेली सीडी

सकाळी साडेनऊला देवबागहून बुवांच्या सुनेचा फोन आला. “भाऊ, नवीन टीव्ही लागला, पण बाबांचं मशीन काही लागत नाही. टीव्ही बसवायला आलेला मुलगा म्हणाला, हे आता भंगारात द्या. बाबा कालपासून नीट जेवले नाहीत.” गणपतीला बारा दिवस होते. माझ्या मालवणच्या दुकानात सात टीव्ही उघडे पडले होते. तरी मी बॅग उचलली, कारण बुवांच्या डबलबाऱ्या, म्हणजे दोन भजनी बुवांचे समोरासमोरचे सामने, ऐकत मी लहानाचा मोठा झालोय.

तारकर्ली मागे टाकली की देवबागची चिंचोळी पट्टी सुरू होते. एका अंगाला कर्ली नदी, दुसऱ्या अंगाला समुद्र. खारी हवा दोन्हीकडून येते आणि तांब्याला सोडत नाही. इथल्या घरात केबलची पिन काढली की आतली तार हिरवी झालेली दिसतेच. चित्राचे चौकोन पडले, चॅनल अडकायला लागले, की लोक केबलवाल्याला दोष देतात. निम्म्या वेळा मी फक्त वायरीचं टोक दोन इंच कापून नवीन पिन बसवून येतो.

बुवांचं मशीन म्हणजे डीव्हीडी रेकॉर्डर. थोरल्या मुलाने २००८ साली मस्कतहून आणलेला. त्या काळी केबलची वायर आधी रेकॉर्डरात जायची आणि तिथून टीव्हीत. रेकॉर्डरचा स्वतःचा ट्यूनर होता, त्यामुळे कुठलाही चॅनल थेट डिस्कवर उतरायचा. २००९ मध्ये गावच्या केबलवर बुवांची बारी दाखवली. बुवा समोर रंगमंचावर आणि घरात काकूंनी रेकॉर्डचं बटण दाबलं. ती एकच डिस्क. पुढे आमच्याकडची केबल डिजिटल झाली. सरकारने ग्रामीण भागाला ३१ मार्च २०१७ ची मुदत दिली होती. वायरीतून बंद कुलपातला सिग्नल यायला लागला, तो फक्त सेट-टॉप बॉक्स उघडतो. रेकॉर्डरचा ट्यूनर त्या दिवसापासून बिनकामाचा झाला आणि मशीन फक्त ती डिस्क लावण्यापुरतं उरलं.

मी गेलो तेव्हा बुवा डिस्क धोतराच्या घडीत धरून बसले होते. म्हणाले, “हेच्यात माझी बारी आसा. कोरी आसा म्हणान कोणी सांगल्यान?”

सांगितलं होतं नातवाने. त्याने लॅपटॉपमध्ये घालून बघितली आणि डिस्क रिकामी दिसली. मुलगा खोटं बोलत नव्हता. रेकॉर्डरवर भरलेली डिस्क शेवटी ‘फायनलाइज’ करावी लागते. तोपर्यंत तिच्यावर काय कुठे आहे याची यादी दुसऱ्या यंत्राला कळेल अशी लिहिली गेलेली नसते. ज्या मशीनने लिहिली तेच तिला हमखास वाचतं. काकूंनी २००९ मध्ये रेकॉर्ड केलं, थांबवलं, डिस्क काढून ठेवली. पुढचं बटण दाबायचं असतं हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. म्हणजे मशीन भंगारात गेलं असतं तर बारीही जवळजवळ गेलीच असती. हे मी बुवांना तिथेच स्पष्ट सांगितलं. ते ऐकून काकूंनी मशीनवर हात ठेवला.

जोडणी बघितली. टीव्ही बसवणाऱ्या मुलाने सेट-टॉप बॉक्सची एचडीएमआय रेकॉर्डरच्या एचडीएमआयमध्ये खुपसून दिली होती. बॉक्समधूनही चित्र बाहेर येतं आणि रेकॉर्डरमधूनही बाहेरच येतं. दोन नळांची तोंडं एकमेकांना लावली तर पाणी जाणार कुठे? बॉक्सची वायर मी सरळ टीव्हीच्या पहिल्या खाचेत दिली. रेकॉर्डरची एचडीएमआय खाच मात्र आतून हिरवट झाली होती, दोन पिना तर खाऊन गेलेल्या. ती सोडून दिली. मग उरल्या जुन्या तीन पिना: पिवळी चित्राची, लाल आणि पांढरी आवाजाच्या.

बऱ्याच नव्या टीव्हींना त्या तीन पिनांची भोकं नसतात. हेडफोनसारखं एकच छोटं भोक असतं आणि त्यासाठी वेगळी वायर लागते. टीव्हीसोबत आलेली वायर खोक्याबरोबर फेकली गेली होती. माझ्या बॅगेत एक होती, ती लावली. पडदा काळा आणि उजवीकडच्या स्पीकरमधून नुसता घर्रर्र आवाज. मी रेकॉर्डरकडची पिवळी काढून या वायरीच्या लाल टोकाला जोडली आणि लाल पिवळ्याला. चित्र लख्ख आलं. त्या छोट्या पिनेवर चार कड्या असतात आणि कुठल्या कडीवर चित्र, कुठल्या कडीवर आवाज हा क्रम सगळ्या कंपन्यांचा एक नाही. ज्यांच्या घरी असा घर्रर्र आवाज येतो त्यांनी टीव्ही बिघडला असं समजू नये, आधी ही अदलाबदल करून बघावी.

आता डिस्क घालायची, तर ट्रे अर्धा इंच बाहेर यायचा आणि परत आत. वरचं झाकण काढलं. ट्रे फिरवणारा रबरी पट्टा आहे, बोटाएवढा, ढिला पडून चकचकीत झालेला. नवा मागवायचा तर चार दिवस. मी काकूंकडे टोपात पाणी उकळायला मागितलं. पट्टा दोन-तीन मिनिटं उकळत्या पाण्यात ठेवला की रबर आवळतं. कायमचा इलाज नाही, पण काम होतं. चिमट्याने तो बाहेर काढला, पुसला, कप्प्यांवर चढवला. तेवढ्यात लेन्सवरचा धुरकट थर स्पिरिटच्या बोळ्याने हलक्या हाताने पुसून घेतला. ट्रे बाहेर आला.

डिस्क आत गेली. मशीन बराच वेळ गुरगुरत राहिलं. मग पडद्यावर एक चौकोन उमटला: रेकॉर्डिंग एक, दोन तास नऊ मिनिटं.

इथे माझा हात फायनलाइजच्या बटणाकडे जात होता. तो मी मागे घेतला. फायनलाइज होताना डिस्कवर लिहिणं चालू असतं. मध्ये लाइट गेली तर डिस्क कायमची जाऊ शकते, आणि ऐन पावसाळ्यात देवबागच्या लायनीचा भरवसा कोण देणार? म्हणून आधी नक्कल. रेकॉर्डरला मागे एव्ही बाहेर जाण्याच्या दोन जागा होत्या. एक टीव्हीकडे, दुसरी माझ्या छोट्या कॅप्चर डबीतून, म्हणजे चित्र-आवाज संगणकात उतरवणाऱ्या डबीतून, नातवाच्या लॅपटॉपला. दोन तास नऊ मिनिटांची नक्कल व्हायला दोन तास नऊ मिनिटंच लागतात, घाई करता येत नाही. घरच्या इन्व्हर्टरचं मागचं बटण ‘नॉर्मल’वरून ‘यूपीएस’वर केलं, म्हणजे लाइट गेल्यावर तो जास्त चटकन उचलतो. मग प्ले दाबलं.

पेटी सुरू झाली, पखवाज आला, आणि पंधरा वर्षांपूर्वीचे बुवा उभे राहिले. भजनी मंडळाची पाच-सहा पोरं कधी येऊन ओटीवर बसली कळलं नाही. गौळण झाली. मग गजर लागला. बुवांच्या मांडीवरचा हात आपोआप चालायला लागला. एका जागी ते ताडकन म्हणाले, “थांबव, मागे घे! ही चाल मी तुमका शिकवूकच नाय.” मला थांबवता येत नव्हतं, नक्कल तुटली असती. “बुवा, वायच थांबा, संपली की हवी तेवढ्या वेळा लावू,” म्हटलं. पोरांनी मोबाइल पुढे धरून ती चाल उचलली.

दोन वाजता लाइट गेली. पंखा मंदावला, सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. रेकॉर्डरचे आकडे हलले नाहीत.

नक्कल पूर्ण झाल्यावर ती दोन पेन ड्राइव्हवर घातली, एक बुवांकडे, एक मंडळाकडे. मगच फायनलाइज केलं. पडद्यावर सहा मिनिटं लिहून आली. ती सहा मिनिटं घरात कोणी बोललं नाही. नंतर तीच डिस्क लॅपटॉपमध्ये घातली आणि नातवाच्या कोऱ्या सीडीत त्याचे आजोबा गायला लागले.

निघताना आणखी एक काम केलं. बॉक्सच्या मागची पिवळी-लाल-पांढरी रेकॉर्डरच्या ‘इन’मध्ये जोडून दिली, कारण या वर्षी नातू बारीला उभा राहणार आहे आणि केबलवाला ती दाखवणार आहे. काकूंनी चष्मा लावून रिमोट पुढे केला आणि विचारलं, “खंयचा बटण दाबूचा?” मी सुनेकडून लाल नेलपॉलिशची बाटली मागून घेतली. रेकॉर्डच्या बटणावर एक ठिपका दिला आणि फायनलाइजसाठी मेनूत जाण्याच्या बटणावर दोन.