चालत गाठलेलं बेट

"अगं, बेट म्हणतेस आणि चालत काय निघालीस?" आईचा प्रश्न रास्त होता. स्वित्झर्लंडमधल्या बील सरोवराच्या काठी, एर्लाख गावाबाहेर आम्ही उभ्या होतो. समोर मातीची लांबलचक वाट, दोन्हीकडे डोक्याइतके उंच बोरू आणि त्यांच्यापलीकडे चमकणारं पाणी. वाटेच्या टोकाला सेंट पीटरचं बेट.

दीडशे वर्षांपूर्वी ही वाट पाण्याखाली होती. आरे नदीच्या पुरानं इथला सखल मुलूख सारखा बुडायचा. म्हणून 1868 ते 1891 या काळात मोठं काम निघालं. 1878 मध्ये हागनेकच्या कालव्यातून नदीच सरोवरात आणून सोडली, खालच्या बाजूला पाणी निघून जायला रुंद वाट करून दिली, आणि सरोवर दोनेक मीटर खाली गेलं. त्यासरशी पाण्याखालचा जमिनीचा कणा वर आला आणि बेट जमिनीला जोडलं गेलं. आपल्याकडे उजनीचं पाणी उतरलं की पळसदेवचं देऊळ बाहेर येतं, पाऊस झाला की पुन्हा बुडतं. इथे बाहेर आलेली वाट मात्र कायमची राहिली.

तासाभरात झाडी दाट झाली. आज हा सगळा पट्टा निसर्गासाठी राखीव आहे, वाट सोडून बोरूंत शिरायचं नाही. पाण्यातून येणाऱ्या होड्यांनाही बोरूंपासून 25 मीटर लांब राहावं लागतं. गंमत अशी, की इथला सगळ्यात रानटी वाटणारा भाग इंजिनिअरांच्या कामातून उरलेला आहे. जुनं बेट मात्र शेतीवाडीचं होतं. आधी क्लूनी या ख्रिस्ती पंथाच्या साधूंचा मठ, मग 1530 पासून बर्नच्या रुग्णालयाची मालमत्ता: द्राक्षमळे, फळबागा, कुरणं.

याच शेतावर 1765 च्या सप्टेंबरात तत्त्वज्ञ रूसो येऊन राहिला. त्याआधी मोतिए गावात त्याच्या घरावर दगड पडले होते. इथे त्यानं बेटाचे चौकोन पाडून एकूण एक झाडाची नोंद करायचं मनावर घेतलं. भेटायला बर्नची मंडळी आली, तर हा कमरेला पिशवी बांधून झाडावर फळं तोडत बसलेला! जेमतेम सहा आठवडे झाले, तेवढ्यात बर्नच्या सरकारनं निघून जायला सांगितलं. मठाच्या इमारतीत आता हॉटेल आहे आणि त्यात त्याची खोली जपली आहे. जमिनीत झडप आहे. नको असलेले पाहुणे आले की तो तिथून पसार व्हायचा म्हणे. आईला सगळ्यात आवडली ती ही झडप. "आपल्या घरी हवी होती," म्हणाली.

तेव्हा शेजारी आणखी एक छोटं बेट होतं. मोठ्या बेटाची झीज भरायला लोक तिथली माती उचलून आणत, याची रूसोला चुटपुट लागली होती. त्यानं तिथे ससे नेऊन सोडले. तेही बेट आता याच जमिनीला चिकटलंय. जाताना नजर टाकली तर नुसती झाडी.

परतीला आम्ही बोट धरली. आईला पाण्याची भीती, कठडा घट्ट पकडून बसली. मी तिला सांगितलं, ससे सोडायला रूसोबरोबर बेटाच्या कारभाऱ्याची बायको होडीतून गेली होती, तिलाही पाण्याची अशीच धडकी भरायची, पण त्या दिवशी ती जराही घाबरली नाही.

"तिच्या मांडीवर ससे असतील," आई म्हणाली. कठडा काही सोडला नाही.